टीबी नाही, मग गोळ्या टीबीच्याच का?

"टीबी नाही म्हणता, मग गोळ्या टीबीच्याच कशा?" छातीरोग विभागात समुपदेशक म्हणून बसते, तिथे हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा रागाने. राग रास्तच असतो.

शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या मुलाने तो फाईल आपटून विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काकूंना तरुणपणी टीबी झालेला. तो बरा झाला, पण श्वासनलिका रुंदावून राहिल्या. आता पुन्हा खोकला, बेडका, थकवा. थुंकीत जंतू दिसले म्हणून टीबीचं औषध सुरू झालं, पण जीन एक्स्पर्टमध्ये, म्हणजे टीबीचे जनुक शोधणाऱ्या चाचणीत, टीबी नाही. पुढे दोन कल्चरमध्ये, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघतात त्यात, मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाचे जंतू वाढले. हे टीबीच्या जंतूंचे चुलतभाऊ, पाण्यामातीत राहणारे. स्लाइडवर दोघे सारखेच दिसतात आणि काही औषधंही दोघांना तीच लागू पडतात.

मुलगा केसपेपरला गेला तशा काकू हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझं ताट-वाटी वेगळं काढलंय. नातवाला जवळ येऊ देत नाहीत."

मग आधी तेच मिटवलं. एव्हियम गटाचा संसर्ग माणसाकडून माणसाला लागत नाही. मुलगा परतल्यावर डॉक्टरांकडूनच त्याला हे ऐकवलं. घरी जाऊन काकूंनी सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं?

खरा पेच पुढेच होता. सीटीत फुप्फुसाला पोकळी पडलेली दिसत नव्हती, नंतरच्या स्लाइड निगेटिव्ह, वजन टिकलेलं. त्यामुळे डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या: लक्ष ठेवून थांबायचं, किंवा अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि इथाम्ब्युटॉल आठवड्यातून तीन दिवस घ्यायचं. मुलाला वाटलं, डॉक्टरांनाच कळेना झालंय. तसं नव्हतं. पोकळी असती तर थांबायचा विषयच निघाला नसता.

काकूंना मात्र इथाम्ब्युटॉलची धास्ती. ते क्वचित दृष्टीच्या नसेवर परिणाम करतं, लाल-हिरव्यातला फरक पुसट होऊ शकतो. "रिळं ओळखता आली नाहीत तर ब्लाउज कुणाचे शिवू?" मी त्यांना आश्वासन दिलं नाही. सुरुवातीला आणि नंतर अधूनमधून डोळ्यांची तपासणी होते, रंग फिके वाटले तर ती गोळी थांबवून लगेच यायचं, एवढं सांगितलं. त्यावर त्याच म्हणाल्या, "मॅचिंग चुकलं तर डॉक्टरांआधी गिऱ्हाईकच सांगेल."

त्यांनी थांबायचं ठरवलं. थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे रोज सलाइनची वाफ आणि बेडका काढायचे व्यायाम, वहीत वजन, ठरलेल्या तारखेला थुंकी. वजन उतरलं, रक्त पडलं किंवा सीटी बिघडला तर निर्णय पुन्हा मांडायचा. खोकला वाढला म्हणून मेडिकलमधून नुसतं अझिथ्रोमायसिन आणायचं नाही, हे मी दोनदा बजावलं. एकटं घेतलं तर जंतू त्यालाच दाद देईनासे होतात, आणि या उपचाराचा कणा तेच औषध आहे.

हिवाळ्यात वजन उतरलं, सीटीतले डागही वाढले. काकूंनी स्वतःच गोळ्या सुरू करायला सांगितलं. लघवी नारिंगी होईल, ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका, हे आधीच सांगून ठेवलं. मुलगा कॅलेंडर काढून शेवटची तारीख मागत होता. ती आज देता येत नाही. कल्चर निगेटिव्ह येऊ लागलं की तिथून पुढे 12 महिने मोजायचे.