सेलेस्टियात कक्षांचा गुंता: हव्या तेवढ्याच रेषा कशा ठेवायच्या?

प्रश्न: सेलेस्टियात, म्हणजे कॉम्प्युटरवर अंतराळ दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये, ‘ओ’ दाबलं की कक्षांच्या एवढ्या रेषा येतात की स्क्रीनवर काय चाललंय ते कळतच नाही. मला मुलांना हॅलेचा धूमकेतू दाखवायचाय, तो आतल्या ग्रहांच्या कक्षा कुठे ओलांडतो तेवढंच. परत ‘ओ’ दाबलं तर सगळंच गायब. मधला मार्ग नाही का?

उत्तर: आहे की. ‘ओ’ म्हणजे फक्त मेन स्विच. कुणाच्या कक्षा दिसणार हे वेगळीकडे ठरतं, विंडोज व्हर्जनमध्ये रेंडर मेनूत व्ह्यू ऑप्शन्स उघडा, तिथे ग्रह, बटू ग्रह, उपग्रह, छोटे उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू, यानं असे वेगवेगळे चेकबॉक्स दिसतील. लघुग्रह आणि छोटे उपग्रह हे दोन काढले की निम्मी गर्दी तिथेच कमी होते, गुरूभोवतीचा तो सगळा गुंता बहुतेक बाहेरच्या बारीक उपग्रहांचाच असतो, तिरक्या आणि उलट्या दिशेच्या कक्षा आहेत त्यांच्या.

आता खरी युक्ती. जी वस्तू सिलेक्ट केलेली असते तिची कक्षा, तिच्या गटाची टिक काढलेली असली तरी दिसते आणि वेगळ्या रंगात दिसते. म्हणजे धूमकेतूंची टिक काढूनच टाका, फक्त ग्रह चालू ठेवा, एंटर दाबून हॅलेचं नाव टाइप करा, परत एंटर, झालं काम. आठ ग्रह आणि एकटा हॅले. फक्त हॅलेच हवा असेल तर ग्रहांचीही टिक काढा, पण मग तुलना कशाशी करणार? माझं मत विचाराल तर ग्रह राहू द्या.

एक मात्र सांगतो, वरून बघितलं की हॅले सगळ्यांच्या कक्षा कापत जातो असं वाटतं पण तसं नाहीये. माऊसचं राइट बटण धरून बाजूने फिरवून बघा. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे १६२ अंशांनी कललेली, म्हणजे तो ग्रहांच्या उलट्या दिशेने फिरतो, आणि हे प्रतल तो दोनच ठिकाणी ओलांडतो, एकदा मंगळाच्या कक्षेच्या बाहेर आणि एकदा पृथ्वीच्या कक्षेच्या आत. मुलांना हे बाजूने दाखवलंत तरच मजा. मग झूम आऊट करत जा, लांबचं टोक नेपच्यूनच्याही पलीकडे गेलेलं दिसेल. तारीख १९८६ वर नेऊन ‘एल’ने वेळ पळवलीत तर २०६१ ला तो परत सूर्याजवळ येतो तेही दिसतं.

प्रश्न: ग्रहांमधलेसुद्धा फक्त पृथ्वी आणि मंगळ ठेवायचे असतील तर? चेकबॉक्स तर सगळ्या ग्रहांना मिळून एकच आहे.

उत्तर: हो, तिथे चेकबॉक्सचा उपयोग नाही. त्यासाठी छोटी लुआ स्क्रिप्ट, म्हणजे लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतली कमांडची फाइल, लिहावी लागते. प्रत्येक वस्तूला सेटऑर्बिटव्हिजिबिलिटी नावाची कमांड देता येते आणि तिला तीनच किमती चालतात, नेव्हर, नॉर्मल आणि ऑलवेज. नकोत त्या सहा ग्रहांना नेव्हर द्या, बास.

लुआ जमत नसेल तर सेलेस्टियाच्या स्वतःच्या साध्या सेल स्क्रिप्टमध्ये ऑर्बिटफ्लॅग्ज कमांड आहे, पण तिच्यानेही गटच चालू-बंद होतात, एकेक वस्तू नाही. ती कमांड स्टार्ट.सेल फाइलमध्ये टाकून ठेवली तर प्रोग्रॅम उघडला की आपोआप लागू होते, रोज टिक काढत बसायला नको.

प्रश्न: उपग्रहांची टिक आहे, मेन स्विचही चालू आहे, तरी चंद्राची कक्षा दिसत नाही.

उत्तर: लांबून बघताय ना? स्क्रीनवर कक्षा अगदीच बारीक होत असेल तर सेलेस्टिया ती काढतच नाही. पृथ्वी सिलेक्ट करा, ‘जी’ दाबून तिच्याकडे जा, मग जरा मागे या, दिसेल.