वाचक विचारतात : पवित्र शास्त्रातली सुगंधी लाकडे आणि मसाले

निर्गम ३० मधले अभिषेकाचे तेल संडे स्कूलच्या मुलांना करून दाखवायचे आहे. शेकेल आणि हिन यांचे आजचे माप किती धरावे?
— एक शिक्षिका, अहिल्यानगर

माप सांगतो, पण ते तसेच्या तसे वापरू नका. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेत २५०, तज ५०० आणि ऑलिव्हचे तेल १ हिन, असा मजकूर आहे. शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा, म्हणजे मसालाच १७ किलो झाला. हिन साधारण साडेतीन ते चार लिटरचा. याचा हजारावा भाग घेतला तर १७ ग्रॅम पुडीला तेल येते जेमतेम पाऊण चहाचा चमचा. पूड ते क्षणात पिऊन टाकते. तेलही गेले आणि हाती राहिला चोथा!

ही अडचण जुन्या ज्यू पंडितांच्याही लक्षात आली होती. मसाले तेलातच उकळले, असे काहींचे मत होते. दुसरे म्हणत, एवढ्याशा तेलाने मसाले ओलेसुद्धा होणार नाहीत. ते आधी पाण्यात भिजवले, वर तेल ओतले आणि तेलाने वास धरल्यावर ते वरून काढून घेतले. आम्हाला दुसरे मत पटते, कारण एरवी इतका मसाला आणि इतके कमी तेल यांचा मेळच बसत नाही.

त्याच अध्यायात ३२-३३ व्या वचनांत या तेलाची नक्कल करायला स्पष्ट मनाई आहे. तेव्हा चारही द्रव्ये त्या प्रमाणात घेऊ नयेत. वर्गात दाखवायला दोनच पुरेत: हिराबोळ (म्हणजेच गंधरस) ५ ग्रॅम, तज ५ ग्रॅम, ऑलिव्ह तेल १०० मिली. हिराबोळ चिकट असतो, तो अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मग खलबत्त्यात कुटा. मिक्सरला लावलात तर पाते घासत बसाल. तज जाडसर ठेचा. सगळे पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत घालून ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात दोन तास ठेवा. पाणी खळखळू देऊ नका. नंतर मलमलच्या फडक्यातून गाळा.

बरणी ओली असेल तर तेल गढूळ होते आणि लवकर खवट होते. थेट आचेवर ठेवले तर तजेच्या सालीला करपट वास येतो. तळाशी चिकट गाळ राहिला तर मात्र काही चुकलेले नाही: हिराबोळातला बराच भाग पाण्यात विरघळणारा डिंक असतो, तेलात फक्त राळ आणि सुगंधी अंश उतरतो. हे तेल मुलांच्या कातडीला लावू नका, तजेने आग होते. कापसाच्या बोळ्यावर घेऊन हुंगायला द्या.

जाता जाता: किराणा दुकानात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, टणक, एकाच पदराची साल बहुधा तजच असते. खरी दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदरांची गुंडाळी असते आणि बोटांनी मोडते.

चर्चमध्ये ऊद जाळला की लोक खोकतात आणि करपल्याचा वास येतो. ऊद भेसळीचा आहे का?
— एक वाचक, वसई

भेसळ असू शकते, पण आधी कोळसा तपासा. कोळशाच्या झटपट पेटणाऱ्या वड्यांमध्ये सोरा (पोटॅशियम नायट्रेट) असतो; वडी तडतडत असतानाच ऊद टाकला तर पहिला वास सोऱ्याचाच येतो. वडी सगळीकडून राखाडी होईपर्यंत थांबा. मग वर चिमूटभर राख पसरा आणि वाटाण्याएवढे दोन-तीनच खडे ठेवा. निखाऱ्यावर थेट पडलेला खडा वितळण्याआधीच जळतो, करपट वास त्याचाच. नवा खडा टाकण्यापूर्वी जुन्याची काळी खपली चिमट्याने काढून टाका. हिराबोळ मिसळायचा तर तीन भाग उदाला एकच भाग, कारण त्याचा धूर कडवट असतो.

बाजारात लोबान म्हणून जे मिळते, ते पुष्कळदा वेगळ्याच झाडाची राळ असते: तपकिरी ढेकळात पांढरे तुकडे, वास व्हॅनिलासारखा गोड. शास्त्रातला ऊद म्हणजे फिकट पिवळे, सुटे थेंब, लिंबाच्या सालीची आठवण करून देणारे. ओमानमधल्या धोफार भागात, येमेनमध्ये आणि सोमालियात झाडाची साल खरवडून तो काढतात. पहिल्या कापाची राळ हलकी मानतात, पुढच्या कापांची चांगली. आपल्या मेळघाटातली साळई त्याच कुळातली, तिचा डिंकही चालेल.

अर्थाचे म्हणाल, तर स्तोत्र १४१ आणि प्रकटीकरण ८ यांत वर चढणारा धूर ही प्रार्थना आहे. पण लेवीय ५:११ ही पाहा. गरिबाने पापार्पण म्हणून सपीठ आणले तर त्यावर तेल घालायचे नाही आणि ऊदही ठेवायचा नाही. पापाची कबुली सुवासिक करायची नाही, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. म्हणून जितका धूर दाट तितकी भक्ती मोठी, ही समजूत आम्हाला मान्य नाही. खिडक्या उघड्या ठेवा. दम्याच्या रुग्णांना धूपदानीजवळ बसवू नका.

निकदेमाने गंधरस आणि अगरू यांचे शंभर रत्तल मिश्रण आणले (योहान १९:३९). येशूच्या एका देहासाठी इतके?
— एक वाचक, पुणे

रोमन रत्तल सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास ३३ किलो. इजिप्तमध्ये याकोबाच्या देहात मसाले भरले गेले (उत्पत्ती ५०), तसे हे नव्हते. इथे सुगंधी द्रव्ये तागाच्या पट्ट्यांबरोबर देहाभोवती गुंडाळली. इतके वजन राजाच्या दफनाला शोभणारे. आसा राजाचा बिछाना सुगंधी द्रव्यांनी भरला होता, असे २ इतिहास १६:१४ मध्ये आहे. योहान हे वजन उगाच नोंदवत नसावा.

अगरू म्हणजे कोरफड नव्हे. झाडाला इजा होऊन बुरशी शिरली की आतले लाकूड काळपट, राळयुक्त होते. तेच अगरू. निरोगी लाकडाला वास जवळजवळ नसतोच. बाळ येशूला मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी, दिलेल्या भेटींपैकी गंधरस हे मृत्यूचे चिन्ह, हा अर्थ दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्माचार्यापासून चालत आला. मत्तय स्वतः तसे काही लिहीत नाही.

गंधसरू म्हणजेच आपला देवदार का?
— एक वाचक, नाशिक

सख्खे भाऊ, पण एक नव्हेत. लबानोनचा गंधसरू वेगळा, हिमालयातला देवदार वेगळा, कुळ एकच. दोन्हींच्या तेलामुळे कीड आणि कूज दूर राहते, म्हणून शलमोनाच्या मंदिराच्या आतल्या भिंती गंधसरूने अशा मढवल्या की दगड दिसेना (१ राजे ६:१८). वर्गात दाखवायला वखारीतून देवदाराचा तुकडा आणा. पेन्सिलीचे 'सीडर' हे जुनिपर असते, त्याने फसू नका. हे झाड केवळ नीतिमानाचेच चिन्ह आहे, असे मात्र शिकवू नका. स्तोत्र ९२ मध्ये ते नीतिमानाचे आहे. यशया २:१३ आणि यहेज्केल ३१ मध्ये तेच झाड गर्वाचे, आणि तोडले जाणारे.

यशया २८ मध्ये कलौंजी आणि जिरे काठीने झोडायचे म्हटले आहे. मळणीच्या औताने का नाही?
— एक शेतकरी वाचक, सांगोला

जिऱ्यातल्या तेलाच्या नळ्या दाण्याच्या सालीतच, वरच्या उभ्या कण्यांच्या (उंचवट्यांच्या) खाली असतात. दातेरी औत किंवा गाड्याचे चाक फिरले की दाणा चिरडतो, तेल उडून जाते आणि उरतो नुसता भुसा. कलौंजीचे बोंड वाळले की आपोआप तडकते, हलक्या झोडपणीने बी मोकळे होते. तुमच्याकडे जिरे असेल तर ताडपत्री अंथरून काठीनेच झोडा.