नारळाचं आईस्क्रीम आणि बँकॉकचा चंद्र

(वाचकांचे स्वयंपाकाचे आणि सहलीचे प्रश्न, बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियर मावशींची उत्तरं)

प्रश्न : बँकॉकला करवंटीतलं नारळाचं आईस्क्रीम खाल्लं आणि वेड लागलं. घरी केलं तर पहिल्या खेपेला दगड झाला, सुरीही शिरेना. पुढच्या वेळी नारळाचं दूध चांगलं उकळून आटवलं, वर विकतचं क्रीम घातलं. तर नारळाची चव गेली आणि टाळूला तेलकट कण चिकटायला लागले. साखर मात्र मी दोन्ही वेळा बेतानंच घातली होती, पुस्तकात सांगतात त्याच्या निम्मी. काय चुकत असेल?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्यच तुमचं उत्तर आहे. साखर निम्मी! अहो, आईस्क्रीममध्ये साखर गोडीपुरती नसते. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी खाली जावं लागतं. आणि तेव्हाही ते सगळं गोठत नाही, थोडा पाक पातळ राहतोच. तो पातळ राहतो म्हणून चमचा आत जातो. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तिथे साखर कमी पडली की पाण्याचा सरळ बर्फ. शिवाय गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. गरम मिश्रण चाखून ‘बाई गं, केवढं गोड!’ असं वाटलं तरच ते गोठल्यावर नेमकं लागेल. ज्यांना साखर चालत नाही त्यांनी शहाळं प्यावं, आईस्क्रीमच्या वाटेला जाऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

आता ते कण. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते ना, तोच हा प्रकार. नारळाची चरबी २४-२५ अंशांनाच घट्ट व्हायला लागते. दाट दूध खळखळून उकळलंत की ते फुटतं, तेल वेगळं होतं आणि फ्रीझरमध्ये त्याचे कण होतात. दाट दूध उकळायचं नाही, आटवायचं तर मुळीच नाही. क्रीमही नको. नारळाच्या दुधात स्निग्धपणा काय कमी असतो?

मी करते ते असं. ताजं खोबरं वाटून दोन वाट्या पहिलं, दाट दूध काढायचं आणि बाजूला ठेवायचं. त्याच चोथ्याचं एक वाटी दुसरं, पातळ दूध काढून त्यात पाऊण वाटी साखर, दोन चिमटी मीठ आणि एक मोठा चमचा साबुदाण्याचं पीठ कालवायचं. हे मात्र मंद आचेवर ढवळत शिजवायचं, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत. उतरवून कोमट झालं की दाट दूध घालून मिक्सरमधून फिरवायचं. रात्रभर फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, नीट गार होऊ द्यायचं. ही पायरी सगळे गाळतात. मग पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीझरला. कडेनं गोठायला लागलं की काढून पुन्हा मिक्सरमध्ये. असं दोन-तीन वेळा केलं की बर्फाचे खडे मोठे होतच नाहीत. शहाळ्याची मलई शेवटच्या फेरीनंतर हातानं मिसळायची. मिक्सरमध्ये घातलीत तर तिची मजा गेली.

माळ्यावर जुनं लाकडी पॉट पडलं असेल तर मिक्सरही नको. बर्फाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं खडेमीठ घाला आणि नातवंडांना दांडा फिरवायला बसवा. मिठामुळे बर्फ वितळतो, वितळताना भांड्यातली उष्णता ओढून घेतो, आणि खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही पाणीच राहतं. थायलंडात नळीतलं आईस्क्रीम अजूनही असंच करतात. बर्फ-मिठाच्या पिंपात धातूच्या नळ्या उभ्या लावतात आणि अख्खं पिंप हलवत राहतात. वीज नाही, यंत्र नाही.

तिथे आईस्क्रीम आलं ते पाचव्या रामाच्या, म्हणजे राजा चुलालोंगकोर्नच्या काळात (१८६८ ते १९१०), आणि आधी राजवाड्यातच. दाम्रोंग राजपुत्रानं आपल्या आठवणींत त्या पहिल्या-पहिल्या आईस्क्रीमबद्दल लिहिलंय. ते शहाळ्याच्या पाण्याचं असायचं आणि त्यात भाजलेले चिंचोके घालायचे. चिंचोके! आपल्याकडे ते सारीपाटाच्या पुढे गेले नाहीत. मी एकदा घालून पाहिले. ज्यांचे दात स्वतःचे आहेत त्यांनी प्रयोग करायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. मुलगा म्हणतो, परदेशी जायचं तर टूरचं पॅकेजच घ्या. मला स्वतःचं स्वतः, कमी खर्चात फिरायचंय. हिला धास्ती वाटते. तुम्ही असं फिरता ना? एखादी फजिती सांगा, म्हणजे वाचून हिला धीर येईल.
– एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड

उत्तर : गुरुजी, फजिती वाचून धीर येणारी माणसं फार थोडी असतात, पण वहिनींसाठी सांगते. वरच्या प्रश्नामुळे बँकॉकचीच आठवली.

आम्ही तिघं होतो : आमचे हे, मी आणि आमच्या वन्सं. वन्सं ह्यांच्याहून मोठ्या, सत्तरीला टेकलेल्या, संकष्टी कधी न मोडलेल्या. विमान स्वस्तातलं, म्हणजे हातातलं सामान सात किलो आणि त्यापुढे प्रत्येक किलोला पैसे. बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवली तर काटा नवाच्या पुढे. वन्संनी बॅगेतलं काही कमी केलं नाही. वरचं सगळं ह्यांच्या जाकिटाच्या खिशांत भरलं आणि जाकीट स्वतः अंगात घातलं. मे महिना, मुंबई. तपासणीच्या पट्ट्यावरून ते जाकीट गेलं आणि पट्टा थांबला. तिथल्या मुलीनं खिशातून एकेक शेंगदाण्याचा लाडू काढून ट्रेमध्ये नैवेद्य मांडावा तसे ओळीनं मांडले. मेतकुटाची पुडी हुंगून पाहिली. ‘आजी, हे काय?’ वन्सं म्हणाल्या, ‘मेतकूट. कुठली गं तू?’ पोरगी निघाली साताऱ्याची. पुडी सुटली.

राहायला डॉर्मिटरी. खालचा पलंग एकच रिकामा होता, तो वन्संना दिला. हे शिडीनं वरच्यावर चढले आणि रात्री उतरावं लागेल म्हणून संध्याकाळी सातनंतर पाण्याचा थेंब घेईनात. म्हणून तुम्हाला पहिला सल्ला : विमानात, जेवणात, रिक्षात वाचवा, पण पलंग खालचाच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी.

दुसरा सल्ला, आगगाडी. हुआ लाम्फोंग हे १९१६ सालचं जुनं स्टेशन. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ च्या जानेवारीत नव्या टर्मिनसला गेल्या, पण साध्या गाड्या अजून इथून सुटतात. तिसऱ्या वर्गाचं अयुथयेचं तिकीट वीस बाटच्या आत-बाहेर. बाटला तेव्हा अडीच रुपये धरत होतो, म्हणजे पन्नासच्या घरात. वर पंखे, खिडक्या उघड्या, टोपल्या घेऊन विकणाऱ्या बायका डब्यातून ये-जा करणार. कर्जतची पॅसेंजरच, फक्त धक्काबुक्की नाही. अयुथया म्हणजे तिथली जुनी राजधानी, १३५० सालची. १७६७ मध्ये ब्रह्मदेशच्या सैन्यानं ती जाळली. तिथे वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्यापेक्षा आपलं डोकं उंच नको, म्हणून फोटो काढताना खाली बसायला सांगतात. वन्सं भक्तिभावानं बसल्या. उठवायला आम्ही दोघं आणि एक जपानी मुलगा लागलो.

संध्याकाळी परत हुआ लाम्फोंगला उतरलो. दिवस संकष्टीचा. पोटात केळी आणि शहाळ्याचं पाणी. याओवारात, म्हणजे तिथला चायनाटाऊन, मेट्रोनं एकच स्टेशन. तिघांचे पन्नासेक बाट वाचवायला पायी निघालो आणि घामानं चिंब होऊन थेट आईस्क्रीमच्या गाडीपाशी थांबलो. चाळीस बाटला एक. वाचवलेल्या पन्नासाचे एकशेवीस झाले. माझ्यातल्या कॅशियरला ती बेरीज अजून बोचते.

गाडी म्हणजे स्टीलचं पिंप आणि पुढे डबेच डबे : भाजलेले दाणे, मक्याचे दाणे, नारळाच्या दुधातला चिकट भात, लाल घेवडा, पाकवलेल्या ताडबिया, फणसाचे काप. हवं तर वाटीत, हवं तर पावात. ह्यांनी पाव निवडला. लांबट, गोडसर, मऊ पाव मधोमध चिरून तळाशी भात, त्यावर आईस्क्रीमचे गोळे, त्यावर दाणे आणि वरून डब्यातल्या आटीव दुधाची धार. ऐकायला कसंतरी वाटतं. पण पाव वितळलेलं सगळं पिऊन घेतो आणि शेवटचा घास सर्वांत चांगला लागतो. फिलिपीन्समध्येही आईस्क्रीम पावात घालून देतात. आपण पावात वडा, भजी, मिसळ, काय काय घातलं आणि हे तेवढं राहिलं.

वन्संची पाळी आली. पाव? मान हलवली. भात? मान हलवली. मका, घेवडा? नाही, नाही. गाडीवाला हैराण. शेवटी वन्संनी स्वतःच दाण्यांच्या डब्याकडे बोट केलं आणि दुसऱ्या हातानं ‘अजून’ असं दाखवलं. नारळ, साखर, शेंगदाणे, वर दूध : उपासाला एकही गोष्ट न मोडणारं आईस्क्रीम वन्संना बँकॉकच्या फूटपाथवर मिळालं. ‘अगं, फराळात धरता येईल हे,’ म्हणून त्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली.

खरी गंमत पुढेच. नऊच्या सुमारास चिनी पाट्यांच्या वर लालसर चंद्र दिसला. हे म्हणाले, ‘ताई, तो बघ चंद्र. सोड उपास.’ वन्संनी मनगट पाहिलं. घड्याळ त्यांनी मुद्दाम भारतातल्या वेळेवरच ठेवलं होतं आणि पंचांगातला मुंबईचा चंद्रोदय होता नऊच्या पुढे. घड्याळात वाजले होते साडेसात. ‘अजून अवकाश आहे.’

‘अहो, पण दिसतोय ना समोर!’

‘तो इथला. पंचांग आपलं आहे.’

बँकॉक आपल्या दीड तास पुढे, आणि पूर्वेला इतकं लांब की तिथे चंद्र मुंबईच्या बराच आधी वर येतो. जिथे आपण असतो तिथला चंद्रोदय धरायचा, हे मी परोपरीनं सांगितलं. ह्यांनी पाटीवर बोटानं पृथ्वी काढून दाखवली. वन्सं बधेनात. ‘मी आपल्या भटजींना फोन करून विचारते,’ म्हणून त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. ह्यांनी शांतपणे रोमिंगचा मिनिटाचा दर सांगितला.

वन्संनी मोबाइल परत ठेवला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘दिसतोय तर खरा.’

नैवेद्याला मोदक कुठून आणायचे, ही पंचाईतही सुटली. तिथे ‘खनोम तोम’ मिळतात : तांदळाच्या चिकट पिठाच्या गोळ्यात नारळ आणि ताडगुळाचं सारण, वरून खोबरं. गणपतीला, ते त्याला फ्रा फिकानेत म्हणतात, पूजेत हेच ठेवतात. कळ्या तेवढ्या नसतात. वन्संनी दोन खाल्ले, सारणात वेलदोडा नाही म्हणून नाक मुरडलं आणि उरलेले पुडीत बांधून घेतले.

तेव्हा गुरुजी, मुलाला सांगा, जमतं. वहिनींची बॅग मात्र आधी काट्यावर ठेवा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. थायलंडात उपाशी राहू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. पिवळ्या रंगावर लाल अक्षरात ‘เจ’ अशी खूण असलेली दुकानं शोधा, उच्चार ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतलं हे जेवण. त्यात मांस-मासे-अंडं नाही, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. बाकी ठिकाणी नुसतं ‘भाजी’ म्हणून मागितलंत तर माशाचं पाणी, ‘नाम प्ला’, त्यात पडणारच. ते त्यांच्या लेखी मिठासारखं आहे. आईस्क्रीमच्या गाडीवर एकाच गोष्टीला जपा : काही ठिकाणी वर कच्च्या अंड्याचा बलक गोठवून देतात. पिवळाधमक दिसतो, आंब्याचा रस समजून हो म्हणाल.

प्रश्न : नारळाच्या आईस्क्रीममध्ये बरका फणस चालेल का? आणि किती दिवस टिकतं?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बरका वाटून घातलात तर वास नारळावर मात करतो. काप्याचे गरे बारीक चिरून, थोडे पाकात मुरवून घाला. पाकात न मुरवलेले गरे गोठून कचकच लागतात. आठवडाभरात संपवा. पुढे फ्रीझरमधल्या मासळीचा वास धरतं, आणि तुमच्या सावंतवाडीत फ्रीझरमध्ये मासळी नाही असं घर कुठलं! डब्याला घट्ट झाकण हवं, आणि वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा.