भिंतीवरच्या सॉकेटमधला यूएसबी पोर्ट मध्येच चार्जिंग तोडतो, साधा प्लग मात्र नीट चालतो. बिघाड कुठे असेल?

तुम्ही लिहिलंय की त्याच सॉकेटमध्ये इस्त्री व्यवस्थित तापते, पण शेजारच्या यूएसबी पोर्टला फोन लावला की चार्जिंग सुरू होतं, तुटतं, परत सुरू होतं. शिवाय टाइप-सी पोर्टवर मल्टिमीटर शून्य दाखवतो.

त्या शून्याचं आधी सांगतो, कारण त्यामुळे बरेच जण चांगलं सॉकेट काढून टाकतात. रिकाम्या टाइप-सी पोर्टवर शून्यच यायला हवं. समोर खरोखर एखादं उपकरण जोडलंय याची खात्री झाल्याशिवाय हा पोर्ट ५ व्होल्ट सोडतच नाही. खात्री होते ती सीसी नावाच्या पिनवरून. फोनच्या आत या पिनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (करंटला रोध करणारा छोटा भाग) ग्राउंडला जोडलेला असतो; तो दिसला की पोर्ट जागा होतो. जुन्या आयताकृती टाइप-ए पोर्टवर मात्र ५ व्होल्ट कायम असतात, त्यामुळे तिथे शून्य आलं तर पोर्ट खरंच मेलाय. जाता जाता: काही स्वस्त टॉर्च आणि ट्रिमर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, टाइप-ए ते टाइप-सी केबलने मात्र लगेच होतात. त्यात सॉकेटचा काही दोष नसतो, टॉर्च बनवणाऱ्याने खर्च वाचवायला तो रेझिस्टर घातलेलाच नसतो.

आता मूळ तक्रार. इस्त्रीसारखा मोठा लोड चालतोय, म्हणजे फेज आणि न्यूट्रल सॉकेटपर्यंत नीट येतायत. पण प्लगची भोकं आणि यूएसबी पोर्ट एकाच प्लेटवर असले तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्लगच्या भोकांमागे नुसत्या पितळी पट्ट्या असतात. यूएसबीच्या मागे अख्खा चार्जर असतो: एसीचं डीसी करणारा, तो डीसी वेगाने चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ५ व्होल्टवर आणणारा. जास्त करंट ओढला गेला की तो स्वतःहून बंद होतो आणि क्षणभराने पुन्हा चालू होऊन बघतो. तुम्हाला दिसतंय ते बहुधा हेच. प्रश्न इतकाच, की त्याला हे करायला कोण भाग पाडतंय.

हे ठरवायला एक चाचणी पुरते. तोच फोन, तीच केबल, पण एखादा चांगला सुटा चार्जर इस्त्री लावता त्याच भोकांत लावून चार्ज करा. तिथेही तुटलं, तर भिंतीला हात लावू नका. केबल किंवा फोन दोषी आहे. तिथे सुरळीत चाललं तरच यूएसबीच्या भागावर संशय घ्या.

केबलवर माझा संशय नेहमीच पहिला असतो. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तार २८ गेजची असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटरच्या केबलमध्ये करंट जातो आणि परत येतो, म्हणजे एकूण ०.४२ ओहम. २ अँपिअर ओढले की ०.८ व्होल्टहून जास्त वाटेतच गळतात आणि फोनपाशी ४.२ च्या आसपास उरतात. एवढ्यावर फोन एकतर करंट कमी करतो नाहीतर चार्जिंग सोडून देतो. २४ गेजच्या तारेत (गेजचा आकडा लहान म्हणजे तार जाड) हीच गळती निम्म्याहूनही कमी होते. म्हणून जाड आणि आखूड केबल लावून बघा. सोबत फोन बंद करून त्याच्या पोर्टमधला कापसासारखा मळ लाकडी टूथपिकने हलकेच काढा. पिन पूर्ण आत बसत नसेल तर कारण तेच.

सॉकेटवर लिहिलेला आकडाही वाचा. दोन पोर्ट आणि ३.१ अँपिअर लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा ती दोघांची मिळून बेरीज असते. एकीकडे टॅब्लेट आणि दुसरीकडे फोन लावला की दोघेही उपाशी. जलद चार्जिंगच्या पोर्टमध्ये दुसरं उपकरण लावताच पहिल्याचं चार्जिंग क्षणभर थांबणं स्वाभाविक आहे, कारण वाटणी नव्याने ठरते. एकच फोन लावूनही सतत तुटत असेल तर मात्र हे कारण बाद.

केबल बदलूनही फरक पडला नाही आणि सुटा चार्जर चालतोय, तर आतला चार्जर म्हातारा झालाय असं समजा. भिंतीतल्या बंद डबीत हवा खेळत नाही. वेगळा स्विच नसेल तर तो चोवीस तास चालू राहतो, आणि उष्णतेने त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) हळूहळू सुकतात. मग थोडा लोड आला तरी व्होल्टेज कोसळतं. यूएसबीचं मोड्यूल वेगळं असून त्याला स्वतःच्या दोन वायरी असतील, तर सैल स्क्रू ही एक शक्यता उरते. ती मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला तपासू द्या.

आतला कपॅसिटर बदलून दुरुस्ती करावी का? मी करणार नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला मुख्य कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि वीज बंद केल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो. शिवाय मेनची वीज आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामध्ये फक्त आतलं इन्सुलेशन असतं. ते बिघडवून वाचवलेलं सॉकेट परवडत नाही.

चार्जिंग करताना प्लेट कोमट लागली तर चालेल. काहीही न लावता ती गरम लागत असेल, जळका वास येत असेल, तडतड ऐकू येत असेल किंवा प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर वरच्या चाचण्या सोडा आणि त्या सर्किटचा एमसीबी आधी पाडा.

नवं बसवताना भिंतीतल्या डबीची खोली मोजून घ्या, कारण यूएसबीचं सॉकेट मागे साध्यापेक्षा जाड असतं आणि वायरी दाबून कोंबल्या तर उष्णता वाढते. पुढे कधी घराच्या वायरिंगची मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासणी झाली, तर हे सॉकेट आधी सुटं करायला सांगा. त्या तपासणीत सहसा ५०० व्होल्ट डीसी सोडतात आणि त्याने आतलं इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतं.