वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यानंतरची चूल, दिवाळीपूर्वीचा बंब

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमचे जुने घर आहे. तेथे सासूबाईंनी घातलेली मातीची चूल आणि तिला जोडलेला वैल, म्हणजे चुलीच्याच आचेवर तापणारी बाजूची जागा, अजून आहे. आम्ही पुण्याहून अधूनमधून जातो. यंदा पावसाळ्याचे चार महिने घर बंदच होते. दसऱ्याला चूल पेटवली, तर घरभर धूर झाला आणि वैलावरची आमटी कोमटसुद्धा झाली नाही. मी दरवर्षी न चुकता चूल सारवते, तरी असे का व्हावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण दरवर्षी चूल सारवता हे वाचून आनंद झाला, पण दोष बहुधा त्या सारवण्यातच दडलेला आहे. सारवणाचा एक थर नखाएवढा पातळ असतो, मात्र जुना थर न खरवडता त्यावर नवा चढत गेला, की दहा-पंधरा वर्षांत तो बोटभर जाड होतो. चुलीचा तळ वर येतो, तोंड लहान होते आणि चुलीतून वैलाकडे जाणारी आतली वाट हळूहळू बुजत जाते. आच त्या वाटेने वैलाखाली गेली नाही, तर ती धूर होऊन तोंडातून बाहेर येणारच. भोरजवळ एका नातेवाइकांच्या घरी मी अशी चूल स्वतः मोकळी केली आहे. ज्या वाटेतून पूर्वी मूठ जात असे, तेथे कशीबशी दोन बोटे जात होती, आणि खरवडून निघालेल्या पापुद्र्यांनी व घट्ट बसलेल्या राखेने एक घमेले भरले होते.

म्हणून आधी काढायचे आणि मग लावायचे, हा क्रम ठेवावा. प्रथम सगळी राख काढावी. लाकडाची राख हवेतील ओल धरून ठेवते, त्यामुळे ती चार महिने चुलीत राहिली असेल तर तळाची माती भुसभुशीत झालेली असते. पुढच्या वर्षी मृगापूर्वीच चूल रिकामी करून ठेवावी. त्यानंतर जुन्या उलथन्याने किंवा खुरप्याने आतील थर हलक्या हाताने खरवडावेत. खणखणीत, भाजलेली लाल माती लागली की थांबावे. भांडे ज्या तीन उंचवट्यांवर टेकते, ते विशेष पाहावेत. नेहमीचे पातेले ठेवल्यावर त्याचा तळ आणि चुलीचा काठ यांच्यात बोटभर फट दिसली पाहिजे. ही फट बुजली की जाळ कोंडतो, मग लाकूड कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

भेगा वरवर लिंपू नयेत. त्या टोकदार काडीने थोड्या रुंद कराव्यात, पाण्याचा हबका मारून ओल्या कराव्यात आणि मगच भराव्यात, कारण कोरड्या मातीवर ओली माती धरत नाही. चाळलेली चिकणमाती, भाताचे तूस आणि शेण एकत्र मळून रात्रभर मुरू द्यावे. नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते आणि पुन्हा तडकते. तूस आणि शेणातील काड्या तिला धरून ठेवतात. सिमेंट मात्र कृपा करून वापरू नये. ते आचेने ठिसूळ होते आणि सुटताना मूळ मातीचे पापुद्रे सोबत घेऊन येते.

दुरुस्त केलेली चूल चार-पाच दिवस सावलीत वाळू द्यावी आणि पहिल्या दिवशी केवळ काटक्यांचा थोडा जाळ करावा. मातीत अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाली तर नवे लिंपण फुटते. घाईने पहिल्याच दिवशी पुरणाचे पातेले चढवून चूल फोडल्याच्या हकिकती या सदराकडे अनेकदा येतात.

धुराडे असल्यास खालून आरसा तिरपा धरून आत पाहावे. आकाशाचा तुकडा दिसला नाही, तर पाखरांचे घरटे किंवा काजळी अडकलेली आहे असे समजावे. दोरीला दगड आणि काथ्याचा बोळा बांधून वरून खाली सोडावा. छपरावर चढण्याचे काम मात्र सवयीच्या माणसाकडेच द्यावे. ओल्या लाकडाच्या धुराने आत डांबरासारखा चिकट थर बसतो आणि तो पेटू शकतो. जळणासाठीच्या लाकडात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत असावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर टणक आवाज आला, तर लाकूड वाळले आहे असे ओळखावे.

प्रश्न : आमच्या सदाशिव पेठेतील वाड्यातला आजोबांचा तांब्याचा बंब आता आमच्या सदनिकेच्या माळ्यावर आहे. नरक चतुर्दशीला त्यातच पाणी तापवावे, अशी मुलांची इच्छा आहे. आत पांढरा थर, बाहेर हिरवे डाग आहेत आणि तोटी ठिबकते. बंब न्हाणीघरात ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पेटलेला बंब बंद न्हाणीघरात मुळीच ठेवू नये. लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते आणि माणूस दार उघडण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकतो. वाड्यात बंब अंगणात किंवा मागच्या पडवीत पेटत असे आणि पाणी बादलीने आत नेले जात असे. आपणही इमारतीच्या मोकळ्या आवारात, सर्वांच्या संमतीने तो पेटवावा आणि बादल्या वर न्याव्यात. एवढी ये-जा पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी मुलेही आनंदाने करतील.

आता सफाईकडे येऊ. पांढरा थर क्षारांचा असून तो बोअरच्या पाण्याने अधिक बसतो. चिंचेचे किंवा लिंबाचे पाणी कोमट करून बंबात भरावे, काही तास ठेवून काढावे आणि दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावे. आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ मुलामा, असेल तर तारेची घासणी किंवा वाळू वापरू नये. बाहेरचे हिरवे डाग चिंच-मिठाने निघतात. नंतर बंब लगेच धुऊन कोरडा पुसावा, नाहीतर मिठाचा अंश राहून डाग पुन्हा उठतात. ज्यात जाळ करतात त्या मधल्या नळीतील काजळी मात्र पूर्ण काढावी, कारण ती उष्णता अडवते आणि जळण वाया जाते. लांब दांड्याला सुतळीचे पोते गुंडाळून वरखाली फिरवले की पुरते.

ठिबकणाऱ्या तोटीला घरी काही चोपडू नये. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचे काम चालत आलेले आहे. तेथील कारागिराकडे बंब न्यावा, पाणी भरून सर्व सांधे तपासून घ्यावेत आणि डाख, म्हणजे सांधे जोडणारा कथलाचा जोड, कोठे सुटला आहे ते पाहून नवा लावून घ्यावा. तांब्यावर मठारणीचे गोल ठोके असतील, तर चकाकी आणण्यासाठी यंत्राने घासून घेण्याचा मोह टाळावा. ते ठोके हाताने एकेक करून पाडलेले असतात आणि एकदा गेले की परत येत नाहीत.

एक नियम आजीआजोबांच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असे : आधी पाणी, मग विस्तव. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. बंबात पाणी असेपर्यंत तांबे तेवढे तापत नाही, पण रिकामा बंब पेटवला की कल्हई आणि डाख दोन्ही जातात. सणाच्या गडबडीत बादल्यांमागून बादल्या काढल्या जातात, तेव्हा पाण्याची पातळी पाहत राहण्याचे काम एका मोठ्या माणसाकडे सोपवावे.

प्रश्न : कॅम्पातील जुन्या बंगल्यात बिडाची इंग्रजी पद्धतीची लाकडावरची शेगडी मिळाली आहे. गंज कसा काढावा?
— एक वाचक, लष्कर भाग

उत्तर : शेगडी पूर्ण थंड असताना तारेच्या ब्रशने गंज काढावा, कोरड्या फडक्याने पुसावे आणि वरच्या तव्यांना जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तापलेल्या बिडावर थंड पाणी कधीही ओतू नये, ते तडकते. दाराभोवतीची दोरी जुनी असेल तर तीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती कोरडी खरवडू नये, माहीतगाराकडून काढून घ्यावी आणि तिच्या जागी काचतंतूंची दोरी बसवावी. दार नीट बंद होते का, हे पाहण्यासाठी दारात कागदाची पट्टी धरून ते लावावे. पट्टी ओढल्यावर सहज निघून आली, तर त्या जागी दोरी दबत नाही.