रुई आणि चाफा एकाच कुळातले कसे?

प्रश्न असा आहे: 'रुई आणि चाफ्याची फुलं कुठेच जुळत नाहीत, मग दोघं अपोसायनेसी कुळात कशी? आमच्या पुस्तकात तर रुईचं अॅस्क्लेपिएडेसी वेगळं दिलंय.'

अगदी जखमेवर बोट ठेवलंत. (इथे चाफा म्हणजे देवचाफा; सोनचाफ्याचं कुळच वेगळं.) बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगमध्ये, म्हणजे नमुना पाहून कुळ ओळखायला, रुईची फांदी होती. मी अपोसायनेसी लिहिलं. एक्स्टर्नल सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, "हे कुठून आणलंस?" मी म्हटलं, "सर, एपीजीने, म्हणजे डीएनएवरून वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या गटाने, १९९८ मध्येच दोन्ही कुळं एकत्र केलीत." तर म्हणे, "आपल्याकडे बेंथम-हूकरचं जुनं वर्गीकरण चालतं." मार्क गेले ते गेलेच.

त्या रागात घरी येऊन रुईची पाच-सहा फुलं सोलली. मधोमध पंचकोनी टोपी, तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर बारीक काळा ठिपका. ठिपक्याखालच्या फटीत सुई अडकवून वर ओढली की दोन पिवळ्या पिशव्या लोंबत बाहेर येतात, गाढवाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या. एक डावीकडच्या परागकोशातली, एक उजवीकडच्या. हेच पोलिनिया, म्हणजे परागकणांचे गठ्ठे. भुंग्याचा पाय फटीत सापडला की ही जोडी घेऊनच तो उडतो.

मग याच कुळातली कण्हेर सोलली. पिशव्या नाहीत, पण पुंकेसर कुक्षीला चिकटलेले. चाफ्यात तेही नाही, पुंकेसर सुटे. चाफ्यात सुटे, कण्हेरीत चिकटलेले, रुईत एकजीव झालेले: तिन्ही पायऱ्या एका दुपारी टेबलावर! अनंतमूळ मिळालं असतं तर मधल्या पायरीचा, पराग वाहणारा चमचाही दिसला असता.

रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये रुईची मंडळी वेगळी काढली ती या पोलिनियावरूनच. निरीक्षण बरोबर होतं, वाटणी चुकली. डीएनए सांगतो की कण्हेर चाफ्यापेक्षा रुईला जवळची आहे. म्हणजे रुईला वेगळी चूल द्यायची तर कण्हेर आणि चाफा एका घरात ठेवता येत नाहीत. सर, ऐकताय ना?

चीक तिघांनाही आहेच. शेंगा जोडीने येतात ही या कुळाची खूण म्हणाल तर रुईत बऱ्याचदा एकच वाढते, त्यावर विसंबू नका.

पेपरात मात्र तुमचा अभ्यासक्रम म्हणेल तेच लिहा, मार्क माझे गेले तेवढे पुरेत. आणि रुई सोललेला हात डोळ्याला लावू नका. मी लावला होता.