वाचकांचे प्रश्न : पाच माणसांची अडीच तिकिटे

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. घरात मी, यजमान, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७७ वर्षांच्या सासूबाई अशी पाच माणसे आहेत. सोयाबीन निघाले की दरवर्षी फिरायला जाण्याचे ठरते आणि गाडीभाड्याचा आकडा ऐकला की बेत मोडतो. यंदा यजमानांनी दोन दिवसांत चिखलदरा, शेगाव आणि लोणार करण्यासाठी गाडी सांगून ठेवली आहे. पण तिचे भाडे दिल्यावर मुलांच्या हातावर ठेवायला काही उरणार नाही. एसटीने गेलो तर मजा येणार नाही, असे मुलांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : ताई, तुमचा खर्च तीन ठिकाणांच्या हट्टामुळे वाढला आहे. चिखलदरा अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यात आहे आणि लोणार बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला. मधले शेगाव धरून हा फेरा दोन दिवसांत बसवायचा म्हणजे जागेपणीचा निम्मा वेळ सीटवर बसून जाणार आणि त्या बसण्याचेच भाडे तुम्ही मोजणार. आपल्याकडे एकदा गाडी केली की ‘एवढे पैसे दिलेच आहेत तर तेही करून घेऊ’ म्हणत वाटेतले प्रत्येक देऊळ यादीत येते, मुले पेंगू लागतात, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आखडतात आणि घरी आल्यावर कोणते देऊळ कोणत्या गावचे, हेही कोणाला सांगता येत नाही. तेव्हा या वर्षी फक्त चिखलदरा करावा, एसटीने जावे आणि तिथे दोन रात्री राहावे, असे मी सुचवतो.

आता तिकिटांचा हिशेब पाहा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे तुमचे आणि मुलीचे तिकीट अर्धे. मुलगा बारा वर्षांच्या आतला असल्याने त्याचेही अर्धे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, म्हणून सासूबाईंचे आधार कार्ड तेवढे हाताशी ठेवावे. पूर्ण तिकीट एकट्या यजमानांना पडते आणि पाच माणसे अडीच तिकिटांत जातात. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच आहेत. परतवाड्याला पोहोचल्यावर कोणीतरी मुक्तागिरीचा विषय काढीलच. ते ठिकाण जवळ असले तरी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात येते, एवढे ध्यानात असू द्यावे.

तुमचा मार्ग अंजनगाव, परतवाडा आणि पुढे घाट असा राहील. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर पहाटे तीच धरावी, कारण ती गावातूनच सुटत असल्याने सासूबाईंना खिडकीजवळची जागा नक्की मिळते आणि घाट चढतेवेळी ऊनही कोवळे असते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे मात्र उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी जाण्याच्या गाड्यांची सारी वेळापत्रके पाठ करून गेलो होतो, परतीचे विचारायचे तेवढे राहिले. संध्याकाळी स्टँडवर भजी खात उभा असताना शेवटची गाडी दुपारीच गेल्याचे कळले आणि काळीपिवळीवाल्याने माझा चेहरा पाहूनच भाडे सांगितले. दोन दिवसांत जे वाचवले होते, ते त्या तासाभरात गेले.

चिखलदऱ्याला खोलीचे दर शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुटीच्या गर्दीत चढतात. शाळा उघडायला चार दिवस असताना सोमवार ते बुधवार असा बेत ठेवला, तर तीच खोली कमी पैशांत मिळण्याची शक्यता बरीच असते. कापसाची वेचणी तोंडावर असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे, नाही तर यजमान पॉइंटवर उभे राहून शेतातल्या मजुरांना फोन करत बसतील. स्वेटर आणि कानटोप्या घरच्याच न्याव्यात.

जेवणाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या दिवसाची शिदोरी घरून घ्यावी. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि कोरडा ठेचा दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकतात. मात्र तिन्ही दिवस डबाच उघडत बसू नये. सहलीतही तुम्हीच वाढायचे असेल तर ती सहल कोणाची? एक जेवण बाहेर पोटभर करावे आणि चिखलदऱ्याची रबडी हात आखडता न घेता खावी.

राहिली मुलांची मजा. पंचबोल पॉइंटवरून दरीकडे तोंड करून हाक मारली की ती डोंगरांवर आपटून परत येते, आणि याला तिकीट लागत नाही. गाविलगडाला गावातून पायी जाता येते. जाण्यापूर्वी मुलांना एवढे सांगावे, की हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे असताना १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. मग तटबंदी पाहताना फौज कुठून शिरली असेल, हे ती आपणच शोधू लागतात. आणि गाडीभाड्यातून वाचलेल्या पैशांतले दोनशे-दोनशे रुपये दोघांच्या हातावर ठेवावेत, कशावर उडवले ते विचारू नये. माझ्या पुतण्याने पहिल्याच तासात त्या पैशांची प्लास्टिकची दुर्बीण घेतली. तिच्यातून डोळ्यांनी दिसते त्याहूनही कमी दिसत होते. पण पुढचे दोन दिवस प्रत्येक दरीत त्याला वाघ दिसत होता आणि आम्हा सर्वांना तो मान्य करावा लागत होता.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून पत्नी ६३ वर्षांची आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत आता मिळत नाही. आम्ही शेगावला भक्त निवासात उतरून आसपासची ठिकाणे स्वस्तात पाहावीत का?

उत्तर : सर, रेल्वेची ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे; एसटीत मात्र आपल्याला ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि वहिनींना महिला म्हणून निम्मे भाडे आहे, म्हणजे दोघे मिळून एका तिकिटात जाता. भक्त निवासाविषयी स्पष्ट सांगतो. गजानन महाराजांच्या दर्शनाला जात असाल तर तिथे अवश्य उतरावे, महाप्रसाद घ्यावा. तिथली स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचे वागणे हाच एक पाहण्याजोगा भाग आहे. पण केवळ स्वस्त लॉज म्हणून ती खोली अडवू नये, कारण गर्दीच्या दिवशी तेवढ्याने लांबून आलेल्या एखाद्या भक्ताला बाहेर थांबावे लागते. गुरुवार आणि एकादशी टाळलीत तर दर्शनही निवांत होईल.

प्रश्न : आम्ही रिसोड तालुक्यातील कॉलेजचे पाच मित्र आहोत. दोन मोटारसायकलींवर लोणारला जाऊन संध्याकाळी परत यायचे आहे. तिथे एक खड्डा सोडला तर दिवसभर करण्यासारखे काय आहे?

उत्तर : पाच जण आणि दोन गाड्या म्हणजे एकीवर तिघे, त्या दंडाच्या पैशांत तुमचे एसटीचे येणे-जाणे आणि वर नाश्ताही होईल, तेव्हा मोटारसायकली घरी ठेवा.

ज्याला तुम्ही खड्डा म्हणता, तो उल्का आदळून बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या रोजच्या काळ्या दगडात तयार झालेला आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळाचे पाणी खारे आणि क्षारयुक्त आहे, काठावर मात्र धारेचे गोडे पाणी पडते. दोन्ही ठिकाणी काय उगवते आणि कोणते पक्षी उतरतात, एवढे पाहायचे म्हटले तरी सकाळ पुरत नाही. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे तपासणीत आढळले; त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पहिल्या गाडीने पोहोचून ऊन चढण्याआधी खाली उतरा, कारण परतीचा चढ दमवतो आणि खाली दुकान नाही. पाण्याच्या बाटल्या न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा, ते अभयारण्य आहे. दुपारी गावातले दैत्यसूदन मंदिर पाहा. आत अंधार असतो, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च छताकडे धरून उभे राहिल्याशिवाय तिथले कोरीवकाम दिसत नाही. बहुतेक लोक हात जोडून तसेच बाहेर पडतात.

प्रश्न : ताडोब्याची सफारी स्वस्तात होते का?

उत्तर : नाही. जिप्सीचा खर्च गाडीमागे असतो आणि तीत सहा पर्यटक बसतात, म्हणून तिघांनी जाण्याऐवजी सहा जण जमवावेत, एवढीच काय ती बचत. मंगळवारी कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असते.